दम घेण्यापुरतं अंतर

परभणी,
१० जानेवारी २०२५

भुजंगभाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता, आणि तांत्रिक गोष्ट मला फोनवर धड सांगता येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. सिद्धोधन असते तर त्यांनी दोन ओळींत विचारलं असतं. ते जाऊन नोव्हेंबरात दोन वर्षं झाली, तरी त्यांच्या मशीनपुढे मी अजून पाहुण्यासारखी बसते.

पुढच्या खोलीतलं ते ओव्यांचं मशीन तुम्ही पाहिलं आहे. पेडगाव, पालम, सोनपेठ इथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या यांनी फिरून फिरून रेकॉर्ड केल्या. सगळ्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर आहेत. कोणीही यावं, बसावं, ऐकावं, एवढाच त्या खोलीचा नियम. कॉलेजात रसायनशास्त्राचे तास घेऊन आले की संध्याकाळी मी ती उघडते.

गेल्या आठवड्यापासून ती डिस्क वेगळा आवाज करते. आधीही आवाज होताच, तबकडी फिरते आणि वाचणारा काटा मागेपुढे जातो त्याचा. आता मध्येच टक्‌टक्‌ होतं आणि काटा जागच्या जागी अडखळतो. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या योगीराजला बोलावलं. त्यानं कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, ही पिठाची गिरणी झालीय. एखाद्या दिवशी पट्टा तुटंल. नवी एसएसडी टाका, तिच्यात फिरणारं काहीच नसतंय."

टाकायला माझी ना नाही. प्रश्न आहे यांच्या 'शेजार' नावाच्या प्रोग्रॅमचा. जुनी डिस्क हळू. एका टोकाची ओवी संपली आणि पुढची दुसऱ्या टोकाला असली की काट्याला लांब जावं लागे आणि आवाज तुटे. म्हणून लोक ज्या ओव्या एकापाठोपाठ एक ऐकतात, त्या 'शेजार' रोज रात्री उचलून डिस्कवर जवळजवळ मांडतो. आणि वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला यादीच नाही. एक ओवी संपली की तिच्या जागेला लागून जी असेल ती तो लावतो. नवी डिस्क इतकी वेगवान असेल, तर ही मांडामांड ठेवायची की सोडून द्यायची?

एवढं विचारते ते सरजाआत्यांमुळे. यांच्या चुलत आत्या दर गुरुवारी बी.पी.च्या गोळ्यांसाठी पेडगावहून एसटीनं येतात आणि गोळ्या घेऊन तडक आमच्याकडे. मध्ये कंडक्टरनं पंचाहत्तरीचा पुरावा मागितला, तर त्याला म्हणाल्या, "माझ्या सुरकुत्या मोज. कमी भरल्या तर तिकीट काढते." खुर्ची नको म्हणतात, खालीच बसतात, तोंडावर पदर धरतात आणि म्हणतात, "लाव गं. मनकर्णा बोलती का बघू." मग आधी त्यांची स्वतःची ओवी लागते आणि तिच्यामागून तुमच्या आईंची.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. आत्यांच्या घराची मागची भिंत तीच तुमच्या गोठ्याची भिंत. अल्याड आमची बौद्धांची वस्ती, पल्याड तुमची गल्ली. पहाटे दोघी आपापल्या जात्यावर बसायच्या. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं भिंतीपलीकडून उत्तर द्यायचं. उभ्या जन्मात एकमेकींच्या घरात गेल्या नाहीत. तुमच्या आई जाऊन दहा वर्षं होऊन गेली. डिस्कवर मात्र दोघी लागून आहेत, कारण आत्या दर गुरुवारी तसंच ऐकतात.

माझ्या हातून काही मोडेल अशी भीती वाटते. पण भीतीपोटी जुनं धरून बसायचं, हेही मनाला पटत नाही. तुमचं आयुष्य याच कामात गेलं आहे. काय करू ते कळवा.

तुमची,
संघप्रिया


पुणे,
२१ जानेवारी २०२५

वहिनींना सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. पाकिटावर हाताचं अक्षर बघून शेजारच्यांनी विचारलं, गावाकडे सगळं बरं आहे ना.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण लांब देतो, कारण या विषयावर सिद्धू आणि मी हॉस्टेलपासून भांडत आलो. फिरत्या डिस्कवर वेळ जायचा तो वाचण्यात नव्हे, तिथवर पोचण्यात. शंभर मजल्यांच्या इमारतीला एकच लिफ्ट आहे असं समजा. माझ्या नोकरीची पहिली बारा वर्षं याच कामात गेली, की लिफ्टला फेऱ्या कमी पडाव्यात म्हणून कोणाला कोणत्या मजल्यावर बसवायचं. काम चांगलं करायचो. एसएसडीत लिफ्टच नाही. कोणत्याही मजल्यावरचं माणूस सारख्याच वेळात दारात हजर. कोण कोणाशेजारी आहे याला वेगाच्या दृष्टीनं जवळजवळ अर्थ उरलेला नाही. अंतर मेलं, असं मी ऑफिसातल्या नव्या मुलांना सांगतो. सांगताना थोडं वाईट वाटतं, कारण माझी निम्मी विद्या त्याच्याबरोबर गेली.

'जवळजवळ' म्हटलं त्याचंही कारण देतो. एकाच फाइलचे शेकडो तुकडे झाले, तर त्यांचा पत्ता ठेवायला आजही वेळ लागतो. तुमच्या मिनिटभराच्या ओव्यांना ते लागू नाही. उलट 'शेजार' चालू ठेवलात तर तोटा आहे. एसएसडीचा कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. रोज रात्री सामान हलवलं की ती झिजते. तेव्हा बंदच करा.

योगीराजला सांगा, सगळ्या फाइली नव्या डिस्कवर साध्या कॉपी कर. एक जास्तीची प्रत पेनड्राइव्हवर मला पाठवा, म्हणजे दोन गावांत राहील. जुनी डिस्क ठेवू नका, ती आता भरवशाची नाही.

रेवती तिसरीत आहे. मंजुषा तुमची आठवण काढते.

भुजंग


परभणी,
१४ फेब्रुवारी २०२५

भुजंगभाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. पेनड्राइव्ह पोचला असेल. नवी डिस्क बसवायला योगीराजला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. जुन्या डिस्कनं कॉपी संपता संपता मान टाकली, ती तो भंगारात घेऊन गेला. खोली एकदम शांत झाली. इतकी, की भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे मला नव्यानं कळलं.

काल गुरुवार होता. आत्या आल्या, खाली बसल्या, पदर धरला. त्यांची ओवी लागली:

पहाटंच्या दळणाला माझ्या जात्याला आली धार
भिंतीच्या पल्याड गं जागं हाय का शेजार

ती संपताक्षणी पालमच्या कोणा बाईची बाळंतविड्याची ओवी सुरू झाली. मग आणखी एक पालमची. मग सोनपेठची. कॉपी करताना ज्या क्रमानं फाइली गेल्या त्या क्रमानं त्या लागत होत्या, दुसरं काही नाही. मी म्हणाले, "आत्या, थांबा, मी मनकर्णाबाईंची काढून देते."

"तू काढून देतीस?"

"हो, इथं नाव दिसतंय त्यांचं. दाबलं की लागेल."

"मग राहू दे." त्यांनी पदर खाली घेतला. "हात धरून आणल्यावर कुनीबी बोलंल. मी विचारलं आन् तिनं आपलं आपण सांगितलं, तर ते बोलणं. रुसली का काय माझ्यावर? तुमी घर बदललं तिचं, तिला सांगितलं तरी होतं का?"

मी हसले. रात्री डायरीत लिहिताना लक्षात आलं, की त्या हसत नव्हत्या.

मांडणीमुळे फक्त वेग येतो असं तुम्ही समजलात, मीही समजले. त्या मांडणीवर दुसरंही एक काम चाललं होतं, ते आपल्या दोघांच्या ध्यानात आलं नाही. यात तुमची चूक जास्त की माझी, हे मी ठरवू शकले नाही. मला ते दिसायला हवं होतं, कारण खोलीत मी बसते. आता काय करता येईल?

एक विचारू? तुम्ही तुमच्या पत्रात आईंबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. माझं काही चुकलं का?

संघप्रिया


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

यात काळजीचं काही नाही. वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला एक छोटी यादी करून द्या, कोणत्या ओवीमागून कोणती. सोबत कागदावर लिहून पाठवतो आहे, योगीराज पाच मिनिटांत करेल. डिस्कवर कोण कुठे आहे याच्याशी मग संबंध राहणार नाही. खरं तर सिद्धूनं पहिल्यापासून असंच करायला हवं होतं. मी त्याला सांगितलंही होतं.

सरजाआत्यांना म्हणावं, मशीनला रुसवा नसतो.

तुमचं काही चुकलेलं नाही. कामाची गडबड आहे.

भुजंग


परभणी,
२१ मार्च २०२५

भुजंगभाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

यादी केली. पाच मिनिटांतच झाली. पुढच्या गुरुवारी आत्यांची ओवी संपली आणि लगोलग तुमच्या आईंची लागली:

जागं हाय शेजार बाई, जातं फिरतं घरघर
तुझ्या ओवीवर माझी सरली पायलीभर

मला हायसं वाटलं. मी आत्यांकडे पाहिलं, तर त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ही कोन हाय?"

"मनकर्णाबाईच. तोच आवाज आहे की."

"आवाज तिचाच हाय. पन ही जातं न फिरवता म्हणायलीय. दम सुदिक घेईना. माझं तोंड मिटायच्या आत हिचं उघडायलंय." मग जातं फिरवल्यासारखा हात फिरवून म्हणाल्या, "जित्या माणसाला दम घ्यावा लागतोय, पोरी. खुटा धरावा लागतोय, मूठभर दाणे टाकावे लागतेत. मंग तोंडातून वाक्य निघतंय."

तेव्हा मला जुनी डिस्क आठवली. दोन ओव्यांच्या मध्ये ती एक घरघर करायची आणि क्षणभर काही नसायचं. आपण त्याला उशीर म्हणत होतो. आत्या इतकी वर्षं त्याला भिंतीपलीकडचं जातं समजत होत्या. किंवा समजत नसतील, माहीत असूनही मानत असतील. मी त्यांच्या वतीनं ठरवू नये.

त्यानंतर दोन गुरुवार त्या आल्या नाहीत. कालही आल्या नाहीत. फोन केला तर सून म्हणाली, "गोळ्या संपल्यात, तरी परभणीला जायचं नाव काढंनात. पहाटं उठून भिंतीला कान लावून बसत्यात. पल्याड तर आता काहीच न्हाई, गोठा मोडून पत्र्याचं शेड केलंय त्यांनी."

मी यादी काढून टाकली आहे आणि तुमचं न ऐकता 'शेजार' परत चालू केला आहे. डिस्क झिजेल हे मान्य आहे. दुसरी प्रत तुमच्याकडे आहे, तेव्हा नुकसान झालं तर ते डिस्कच्या किमतीएवढंच. पण आत्या ज्या क्रमानं ऐकतील तसा क्रम त्याचा त्याला लागू दे. हात धरून आणलेलं त्यांना नको आहे. आता त्या ऐकायलाच येत नाहीत तर क्रम लागणार कसा, हेही मला दिसतं. तरी चालू केला. हा विचार म्हणायचा की हट्ट, मला सांगता येत नाही.

संघप्रिया


पुणे,
२ एप्रिल २०२५

वहिनींना जय भीम.

रागावलो नाही. पण एक गोष्ट मी आधी नीट सांगितली नव्हती, ती सांगतो, म्हणजे तुम्ही भलत्या आशेवर राहणार नाही.

फिरत्या डिस्कवर तुम्ही जिथे ठेवाल तिथेच वस्तू राहायची. तबकडी उघडून बोट ठेवून दाखवता आलं असतं, ही सरजाआत्या, ही तिच्या शेजारी. एसएसडीत तसं नसतं. तिला तुम्ही सांगता, हिला हिच्या शेजारी ठेव. ती हो म्हणते. आत मात्र तिला वाटेल तिथे ठेवते, आणि झीज सारखी पसरावी म्हणून कोणी काही सांगितलं नसतानाही सामान हलवत राहते. खोलीला कुलूप असतानासुद्धा, वीज चालू असेल तर. बाहेरून विचारलं की जुनाच पत्ता सांगते. आवाज करत नाही म्हणून कळत नाही, एवढंच.

म्हणजे 'शेजार' जो शेजार मांडेल तो फक्त कागदावरचा. आत कोण कोणाला लागून आहे, हे तुम्हाला, मला, सिद्धूला, कोणालाच सांगता येणार नाही.

तुम्ही विचारलं होतंत म्हणून लिहितो. पेनड्राइव्ह मिळाला. तो टेबलाच्या खणात आहे. मी उघडलेला नाही. आईचा आवाज ऐकायचा म्हटलं की हात पुढे जात नाही. सिद्धू तिच्या ओव्या घ्यायला आला होता तेव्हा मी पुण्यातच होतो. ती गेली तेव्हाही. यापेक्षा जास्त विचारू नका.

भुजंग


परभणी,
८ ऑगस्ट २०२५

भुजंगभाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

चार महिने लिहिलं नाही. आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि नंतर जे होतं ते लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. आता जसं झालं तसं लिहिते. पटेल असं काही नाही, पण जे ऐकलं त्यात माझ्याकडून भर घालणार नाही.

एप्रिलात मी पेडगावला जाऊन आत्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, मनकर्णाबाईंना वेळ द्या, नव्या घरात रुळायला माणसालाही वेळ लागतो. हे मी खरं मानून बोलले नव्हते, त्या यायला लागाव्यात म्हणून बोलले. त्या यायला लागल्या. पालमच्या बायकांच्या ओव्या निमूट ऐकायच्या आणि जायच्या. जूनमध्ये एका गुरुवारी त्यांच्या ओवीमागून तुमच्या आईंची लागली. यादी नव्हती. मी हात लावला नव्हता.

क्रम असा लागू शकतो हे मला माहीत आहे. कधीतरी मीच तसं ऐकलं असेल आणि 'शेजार'नं ते टिपलं असेल. ते मी धरून चालले. पण जुलैपासून दोघींच्या मध्ये थांबा येऊ लागला. ओवी संपते, मग काही नाही, मग उत्तर येतं. बाकी कोणत्याही दोन ओव्यांमध्ये तो नाही. मी सगळ्या लावून पाहिल्या.

पहिल्यांदा थांबा आला तेव्हा आत्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "आता बसली जात्यावर," म्हणाल्या.

पुढं पुढं आत्या त्या थांब्यात स्वतः गाऊ लागल्या. मशीनमधली त्यांची जुनी ओवी संपली की नवी एक म्हणायच्या. कधी सुनेची तक्रार, कधी गुडघ्यांची. मग उत्तर यायचं, आणि ते जुळायचं. मी स्वतःला बजावलं, की ओवीचा घाटच असा आहे, कोणतीही ओवी कोणत्याही ओवीला उत्तर वाटू शकते. तुमच्या आईंच्या ओव्या थोड्या नाहीत, एखादी लागून येणारच.

काल आत्यांनी थांब्यात विचारलं:

पोरंबाळं दूर गेली, माझ्या अंगणी सावट
पल्याडच्या मनकर्णा गं, तुझी कोण बघतं वाट

मी पाठमोरी बसून पेपर तपासत होते. थांबा नेहमीपेक्षा लांबला. मग हे आलं:

पुण्याच्या गं शहरात माझी नात ती रेवती
न पाहिल्या आजीची ती, बाई, बोली बोलती

मी वळले तेव्हा आत्या डोळे मिटून बसल्या होत्या, पदर तोंडावर. संध्याकाळीच मी ही ओवी डायरीत उतरवून घेतली, म्हणजे आठवणीनं तिच्यात बदल करायला नको. रात्रभर एकच विचार करत होते. तुमच्या आई गेल्या तेव्हा रेवतीचा जन्म झाला नव्हता ना? की माझाच हिशेब चुकतो आहे?

संघप्रिया


पुणे,
२० ऑगस्ट २०२५

वहिनी,

तुमचा हिशेब चुकलेला नाही. आई गेली त्यानंतर दोन वर्षांनी रेवती झाली.

पत्र मिळालं त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. खणातला पेनड्राइव्ह काढला आणि आईच्या सगळ्या ओव्या ऐकल्या. पहिली लावताना मंजुषाला शेजारी बसवून घेतलं. नंतरच्या एकट्यानं ऐकल्या, मग परत पहिल्यापासून. ती ओवी त्यात नाही. तिच्या नावानं नाही आणि इतर बायकांच्या नावानंही नाही.

आधी तुमच्या थांब्याबद्दल सांगतो, म्हणजे माझं डोकं थाऱ्यावर राहील. डिस्क झिजली की कप्पे पटकन वाचता येत नाहीत, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, त्यात वेळ जातो. थांबा त्यामुळे येऊ शकतो. पण एवढ्या छोट्या फाइली हलवून चार महिन्यांत एवढी झीज व्हायला नको. आणि झीज सगळीकडे सारखी पसरलेली असते, तेव्हा अडखळायचं तर कुठेही अडखळायला हवं. त्या दोघींच्या मध्येच का, ते मला सांगता येत नाही. तुमची डिस्क कुरिअरनं पाठवा. माझ्याकडे ती आतून तपासायची सोय आहे.

ओवीचं म्हणाल, तर ती आत्यांनीच म्हटली असणार. जन्मभर ऐकलेला आवाज काढता येतो. रेवतीचं नाव पेडगावात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही पाठमोऱ्या होतात. पुढच्या वेळी समोर बसा.

आता जे लिहितो ते मी मंजुषालाही सांगितलेलं नाही. रेवती पुण्यात जन्मली, पेडगाव तिनं दोनदा पाहिलं. गेल्या वर्षभरापासून ती झोपेतून उठली की "मी येयलेय", "लय भूक लागली" असं बोलते. शाळेत कोणी तसं बोलत नाही. घरात मी तसं बोलत नाही असं मला वाटत होतं. बोलत असेन. दमून आल्यावर माणसाच्या तोंडात काय येतं, ते त्याला ऐकू येत नसतं. मी एवढंच म्हणतो, की हे आत्यांना माहीत असण्याचं कारण नाही.

भुजंग


परभणी,
५ सप्टेंबर २०२५

भुजंगभाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

डिस्क सोमवारी पाठवली, पोचली असेल. मशीनचं झाकण उघडं ठेवलं आहे. आत डिस्कच्या जागी रिकामी खाच दिसते आणि दोन वायरी लोंबतात. मी ठरवलं होतं, की आत्या आल्या की दारातच सांगायचं, आज काही लागणार नाही.

काल त्या भिजून आल्या. मी टॉवेल आणायला आत गेले. बाहेर येईपर्यंत त्या जागेवर बसल्या होत्या आणि पदर धरून गायला लागल्याही होत्या. लाव गं म्हणाल्या नाहीत. मशीनकडे पाहिलंही नाही. ती ओवी होती, जागं हाय का शेजार.

मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तुम्ही सांगितलं होतं तशी त्यांच्या समोर जाऊन बसले, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ.

त्यांची ओवी संपली. थांबा आला. बाहेर पाऊस होता, तो मला ऐकू येत होता, घड्याळ ऐकू येत होतं. आत्यांचा श्वास संथ चालला होता, पदर मुळीच हलत नव्हता. आणि मग उत्तर आलं. तोच आवाज होता. खोलीतून आला एवढं मी सांगू शकते. खोलीत कुठून, ते नाही.

पदर त्यांच्या तोंडावर होता, नेहमीसारखाच. मी तो बाजूला करू शकले असते. "आत्या, पदर घ्या खाली," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी प्रयोगशाळेत मुलांना सांगते, की झाकण उघडून बघितल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही. काल माझा हात मांडीवरून उठला आणि परत मांडीवर आला. आत्याच म्हणत असतील, तर पदर काढल्यावर त्या पुन्हा कधी म्हणणार नाहीत. आणि त्या म्हणत नसतील, तर ते मला बघायचं नव्हतं. यातलं खरं कारण कोणतं होतं, ते रात्री डायरी पुढ्यात घेऊन बसले तरी मला लिहिता आलं नाही.

जाताना आत्या म्हणाल्या, "आज लय बोलली. पोराला बोलीवलंय म्हनं तिनं."

मी विचारलं, "कोणत्या?"

"तिला हाय का दुसरं?"

संघप्रिया


पुणे,
१२ सप्टेंबर २०२५

वहिनींना सप्रेम जय भीम.

डिस्क तपासली. कसलाही दोष नाही. झीज नावापुरती. सरजाआत्यांची ओवी लावली की तिच्यामागून आईची लगेच लागते. थांबा नाही. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. आतली नोंदही चाळली, कुठेही अडखळल्याचं दिसत नाही.

अंतर मेलं असं मी तुम्हाला लिहिलं होतं. वेगाच्या दृष्टीनं ते आजही बरोबर आहे, आणि माझ्याकडे दुसरा हिशेब नाही.

येत्या गुरुवारी मी परभणीला येतो आहे. रेवतीला घेऊन येतो. डिस्क बरोबर आणतो, पण आत्या जाईपर्यंत ती बसवू नका. त्यांना पदर बाजूला करायला सांगू नका. लहानपणी मी गोठ्यात आईच्या मांडीला टेकून बसायचो आणि भिंतीकडे तोंड करून पल्याडच्या आवाजाची वाट बघायचो. गुरुवारीही मी भिंतीकडेच तोंड करून बसेन.

रेवतीला एवढंच सांगून ठेवलं आहे, की आजी दम घेत असेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

भुजंग